वाळूत उलटं चालणं

१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाई,

तुम्ही निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कॉलेजात काही अडलं की माझे पाय अजून तुमच्याच खोलीकडे वळतात. तिथे आता झेरॉक्सचं मशीन आहे. फोन केला असता, पण तुमच्या घरात रेंज येत नाही, आणि आली तरी तुम्ही वाळूवर उभ्या राहून ओरडता. म्हणून पत्र.

फेब्रुवारीत तपासणी समिती यायची आहे. आपल्या फिजिओथेरपी कॉलेजची ध्येयं आणि मूल्यं काय, ते एका पानात लिहून दर्शनी भागात लावायचं आहे. विभागप्रमुख झाल्यापासून असली कामं माझ्याकडेच येतात. चार कॉलेजांची पानं मागवून वाचली. सगळ्यांत करुणा आहे, सचोटी आहे, गुणवत्ता आहे. नावं झाकली तर कुठलं पान कोणाचं ते ओळखता यायचं नाही. तीस वर्षं तुम्ही मुलं शिकवलीत. हे पान तुम्ही लिहून द्याल का?

आणखी एक. आपल्या कट्टा गावच्या केंद्रावर रिया नावाची इंटर्न आली आहे. आंबोलीची आहे, घाटात आईवडिलांची चहाची टपरी आहे. तुमच्या लवूदादांना घरी येऊन व्यायाम द्यायचं काम तिला दिलं आहे. लक्ष असू द्या.

तुमची,
संचिता

*

२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय संचिता,

पानासाठी तीनदा बसले. निळी शाई भरली, कॉन्व्हेंटमध्ये शिकवला होता तसा दोन बोटं समास सोडला आणि तिन्ही वेळा समासच सुंदर दिसला. पुढे काही सुचेना. खरं सांगायचं तर मी चिडलेली आहे आणि त्याचं कारण माझ्या अंगणापलीकडे खुर्चीत बसलेलं आहे.

लवूदादा माझा चुलतभाऊ, हे तुला ठाऊक आहे. त्याने चाळीस वर्षं रापण ओढली. तू घाटावरची, म्हणून सांगते. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणतात आणि तीस-चाळीस माणसं ती ओढून घेतात. मासळी वाळूवर आली की तिचे वाटे पडतात. ज्याचा हात दोरीला लागला त्याला वाटा, मग तो पाहुणा असो की म्हातारी बाई. माझ्या लहानपणी आम्ही सुट्टीत घरी आलो की मुद्दाम दोरीला हात लावायला धावायचो. फ्रॉकच्या ओच्यात चार तारल्या घेऊन घरी यायचं, म्हणजे आपण कमावून आणलं.

मे महिन्यात दादाला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. रापणीची माणसं प्रेमाने रोज मासळी पाठवतात आणि हा रोज ती परत पाठवतो. त्याची सून किशोरी रडकुंडीला येऊन मला म्हणते, "आत्यानू, तुमी तरी सांगा. पेज सोडून कायच खायत नाय." मी सांगायला गेले, तर म्हणाला, "दोरीक हात लावूक नाय, मगे वाटो कसलो? भिकेक लागलंय काय मी?"

तुझी रिया सोमवारी आणि गुरुवारी बसने येते. मुलगी मला आवडली. अंगाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करते. आमच्या बोर्डिंगात सिस्टर बेनेडिक्टा ताप बघताना तसं करायच्या. पण ही त्याला ओटीवरच्या लादीवर खडूच्या दोन रेघांमध्ये चालवते. परवा तो तिला म्हणाला, "गो बाय, ह्या लादयेर चलान मी जातलंय खंय? न्हाणयेत?"

मी हसले. मग मला माझीच लाज वाटली, कारण खडूच्या रेघा मीच तुम्हाला शिकवल्या होत्या.

तुझी,
सुभद्राबाई

*

९ डिसेंबर २०२४

आदरणीय बाई,

लवूदादांची नोंदवही पाहिली. आधाराशिवाय दहा मीटर, अठ्ठावीस सेकंदांत. सहा महिन्यांत एवढी प्रगती म्हणजे वर्गात दाखवावी अशी केस आहे. ध्येय पूर्ण झालं. डिसेंबरअखेर केस बंद करून रियाला पुढचे रुग्ण देते. कट्ट्याला बावीस जण यादीत थांबलेत.

फक्त तिला एक सांगा. ती नोंदवहीच्या समासात पेन्सिलीने मालवणीत काहीतरी लिहून ठेवते. समिती वह्या तपासणार आहे.

तुमचं दुःख कळतं, बाई, पण रापणीवर जाणं हे ध्येय म्हणून लिहायचं कसं? किती अंतर, किती वेळ, किती आधार? "मोजता येईल तेच ध्येय लिहा, बाकी सदिच्छा" हे वाक्य कोणाचं ते तुम्ही विसरला असाल. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वहीत ते तुमच्या नावासकट आहे.

पानाची वाट पाहते.

संचिता

*

१७ डिसेंबर २०२४

प्रिय संचिता,

वाक्य माझंच आहे. परत पाठवलंस ते बरं केलंस. चपलेतल्या खड्यासारखं टोचतंय.

रियाला विचारलं, समासात काय लिहितेस? तिने वही उघडून दाखवली. पहिल्याच दिवशीच्या पानावर होतं, "दोरीक हात." दुसऱ्या पानावर तेच. सगळ्या पानांवर तेच. म्हणाली, "मॅडम, त्यांना काय हवंय ते मी दर वेळी विचारते. दर वेळी ते हेच सांगतात. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही."

संचिता, आमच्या शाळेत समासात लिहिलं की हातावर पट्टी मिळायची. मीही तुम्हा मुलांचे गुण कापले आहेत त्यासाठी. कोणी काय लिहिलं होतं ते मी एकदाही वाचलं नाही.

दादा आता अठ्ठावीस सेकंदांत दहा मीटर चालतो आणि खुर्चीत येऊन बसतो. समुद्राकडे पाठ करून बसतो. पूर्ण झालेलं ध्येय हे असं दिसतं.

तू केस बंद कर. बावीस माणसं थांबलीत, त्यांचंही खरंच आहे. वाळूचं मी बघते.

सुभद्राबाई

*

६ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,

घाईत लिहिते आहे. लवूदादांच्या मुलाचा, निलेशचा, गोव्याहून प्राचार्यांना फोन आला आणि मग लेखी तक्रारही आली. २९ डिसेंबरला रियाने त्यांना रापणीवर नेलं, ते पडले, डावं मनगट मोडलं. चांगला होता तोच हात, बाई. निलेशने लिहिलंय, "तुमच्या मुलींनी माझ्या बापाला पुरता लुळा केला."

रविवार होता. केंद्राची परवानगी नव्हती, प्रशिक्षक बरोबर नव्हते, नोंदवहीत योजना नव्हती. प्राचार्यांनी रियाला त्याच दिवशी परत बोलावलं. तिला विचारलं तर "माझा निर्णय होता" एवढंच म्हणते.

तुम्ही तिथे आहात. नक्की काय झालं?

संचिता

*

११ जानेवारी २०२५

प्रिय संचिता,

दादा पडला हे खरं. प्लास्टर सहा आठवडे आहे. किशोरी त्याला भरवते आणि तो भिंतीकडे बघत जेवतो. रिया चांगली मुलगी आहे. तिचा हेतू वाईट नव्हता, हे प्राचार्यांना जरूर सांग.

पान सोबत पाठवते आहे. सुचत नव्हतं ते अखेर एका बैठकीत लिहून झालं. पाच मूल्यं घेतली आहेत. करुणा, सचोटी, उत्तरदायित्व, रुग्णाचा आदर, आजन्म शिक्षण. प्रत्येकाखाली दोन ओळी. भाषा तपासून घे.

तब्येत बरी नाही, म्हणून इथेच थांबते.

सुभद्राबाई

*

२२ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,

पान मिळालं. प्राचार्यांना फार आवडलं. फ्रेम करून जिन्यापाशी लावलं आहे, खाली तुमचं नाव.

रियाची चौकशी ५ फेब्रुवारीला आहे. इंटर्नशिप पूर्ण रद्द करावी असं चौकशी करणाऱ्या तिघांचं मत आहे. म्हणजे सहा महिने पुन्हा, आणि प्रमाणपत्रावर शेरा. तिचे वडील आंबोलीहून आले होते. प्राचार्यांच्या दाराबाहेर दोन तास उभे होते. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत. मला म्हणाले, "मॅडम, आमची पोर न इचारता काय करणारी न्हाय. कुणीतरी सांगितलं असंल." रिया शेजारी उभी होती. तिने मान वर केली नाही.

तिची वही माझ्याकडे आहे. २९ तारखेच्या पानावर समासात तिने लिहिलंय, "उलटं चालणं शिकवलं नव्हतं. चूक माझी."

बाई, तुमचं १७ डिसेंबरचं पत्र माझ्या कपाटात आहे. त्यात शेवटी "वाळूचं मी बघते" असं वाक्य आहे. मी ते कोणाला दाखवलेलं नाही. दाखवावं की नाही, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, एवढंच विचारते.

संचिता

*

२७ जानेवारी २०२५

प्रिय संचिता,

दाखव. त्याच्याबरोबर हेही दाखव.

त्या रविवारी रियाला मी बोलावलं. तिची केस बंद झाली होती, ती यायला बांधलेली नव्हती. मी निरोप धाडला की लवूदादाला दोरीवर न्यायचं आहे, तू ये. ती आली आणि म्हणाली, "मॅडम, आधी वाळूत आठ दिवस सराव करून घेऊया का? प्रशिक्षकांना विचारूया का?" मी म्हटलं, "तुझ्या प्रशिक्षकांना मी शिकवलंय." हे माझे शब्द आहेत. अगदी असेच होते.

आम्ही दोघींनी त्याला पाण्यापर्यंत नेलं. मी घरी बसून सगळं ठरवलं होतं. ती उजवीकडे राहील, दुबळ्या बाजूला, मी समोर उभी राहीन. पुस्तकात असतं तसं. रापणीच्या माणसांनी जागा करून दिली. सर्वेश, तो दादानंतर आता रापणीचा प्रमुख आहे, म्हणाला, "येवा लवूकाका, तुमची दोरी वाट बघता." दादाने डाव्या हाताने दोरी धरली. संचिता, त्याचा चेहरा मी तुला सांगू शकत नाही.

मग लाट मागे गेली, दोरी ताणली आणि सगळी माणसं मागे चालू लागली.

रापण मागे चालत ओढतात. तोंड समुद्राकडे, पाऊल जमिनीकडे. मी इथे जन्मले. लहानपणी त्या दोरीला लटकून मी स्वतः उलटी चाललेली आहे. तीस वर्षं मी चालणं शिकवलं, टाच केव्हा टेकते, गुडघा केव्हा वाकतो, सगळं फळ्यावर काढलं. आणि या माणसाला आपण सहा महिने फक्त पुढे चालायला शिकवलं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. रियाने समुद्र बसच्या खिडकीतून पाहिलेला. तिला ते माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं.

दादाच्या अंगाला मात्र सगळं आठवत होतं. तो सवयीने मागे सरला. उजवा पाय वाळूत राहिला, बाकीचा लवूदादा गेला. त्याने डावा हात टेकला.

रियाने त्याला सावरलं, ओढणी फाडून हात बांधला, रिक्षा आणली. मी उभी होते. दवाखान्यात किशोरीने विचारलं, "ह्यांका थंय व्हरूक कोणी सांगलेला?" रियाने माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधायला वाकले. चपला माझ्या पायातच होत्या. रिया म्हणाली, "मी नेलं."

तेव्हापासून मी गप्प आहे. त्या गप्प बसण्यातच तुला पान लिहून पाठवलं. सचोटीखालच्या दोन ओळी मी किती सुबक लिहिल्या आहेत, एकदा जिन्यापाशी जाऊन बघ. म्हणून त्या बैठकीत इतकं भराभर सुचलं. ते पान उतरव. निदान माझं नाव खोड.

काल किशोरीला सांगितलं. ती उठून चुलीपाशी गेली. मी वाळूवर जाऊन निलेशला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, तुमी?" आणि फोन ठेवला. दादाला सांगायला गेले, तर म्हणाला, "माका ठावक आसा. मी थंयच पडलेलो मगो." आणि मग रियाबद्दल, "त्या चेडवाक कित्याक मारतास? त्येना माका धरल्यान."

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, हे मी विचारत नाही. तू माझ्याहून बरी निघालीस.

सुभद्रा

*

१४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

चौकशीत तुमचं पत्र मी स्वतः वाचून दाखवलं. प्राचार्य म्हणाले, "बाईंचं वय झालंय, भावनेच्या भरात लिहिलंय." मी १७ डिसेंबरचं पत्र पुढे ठेवलं.

निकाल पूर्ण न्याय नाही. शेरा येणार नाही. पण परवानगीशिवाय गेली म्हणून दोन महिने पुन्हा करायचे आहेत. मी भांडले. निलेशने तक्रार मागे घेतलेली नाही, त्यामुळे याहून कमी करता येत नाही म्हणाले. मी ते दोन महिने कट्ट्यालाच मागून घेतले. रिया सोमवारपासून येईल.

पान उतरवता आलं नाही. तपासणी समिती १० तारखेला येऊन गेली. त्यांनी त्याचा फोटो काढला, छान म्हणाले, चहा घेतला आणि गेले. नोंदवहीत रुग्णाच्या शब्दांसाठी रकाना हवा असा अर्ज मी दिला. फॉर्म विद्यापीठाचा आहे, बदलता येत नाही, असं उत्तर आलं.

मग मी पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगितलं की डावीकडे दोन बोटं समास सोडा आणि तिथे लिहा. एका मुलाने विचारलं, "त्याला गुण आहेत का?" नाहीत म्हटलं. निम्म्यांनी पेनं खाली ठेवली.

दमायला होतं, बाई. तुम्ही तीस वर्षं कशी काढलीत?

संचिता

*

९ मार्च २०२५

प्रिय संचिता,

निम्म्यांनी पेनं खाली ठेवली, म्हणजे निम्म्यांच्या हातात राहिली. माझ्या वर्गात हा प्रश्न विचारायची वेळच मी येऊ दिली नव्हती.

निलेश अजून माझ्याशी बोलत नाही. शिमग्याला येईल, तेव्हा बघू. किशोरी कामापुरतं बोलते. रियाने परत आल्यावर माझ्या पायांना हात लावला नाही, आणि मला ते बरं वाटलं. म्हणाली, "मॅडम, या वेळी मी सांगेन तसं करायचं." मी हो म्हटलं. प्रशिक्षकांची सही तिने आधी आणून दाखवली.

डावा हात प्लास्टरमध्ये होता ते सहा आठवडे दादाला खाजवायला, माशी हाकलायला उजव्या हाताशिवाय कोणी उरलं नव्हतं. तो हात थोडा उघडू-मिटू लागलाय. असं होतं हे पुस्तकात आहे. मी केलेल्या चुकीला ते उत्तर नव्हे, म्हणून मी ते जास्त बोलत नाही. डावं मनगट अजून दुखतं आणि दुखत राहील.

रिया त्याला अंगणात मागे चालायला शिकवते आहे. आधी शेणाने सारवलेल्या जमिनीवर, मग घमेल्यांनी आणून पसरलेल्या वाळूवर. रोज चार पावलं. अंतर मोजून रकान्यात, बाकीचं समासात. रापण ओढायला वर्ष लागेल, कदाचित कधीच जमणार नाही, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. मला धीर झाला नसता. तो म्हणाला, "मगे दोरी कोण गुंडाळता?"

ओढून झालेली दोरी वाळूवर पडते. ती कोणीतरी बसून वेटोळी घालत गोळा करायची असते. म्हाताऱ्यांचं काम. तेही दोरीलाच हात लावणं, पण आम्हा दोन शिकलेल्या बायकांना सुचलं नव्हतं. त्यालाही तेव्हा नको होतं, हे खरं.

काल सकाळी केंद्राची परवानगी घेऊन तिघं गेलो. रियाने त्याला वाळूवर बसवलं, पाठीशी पालथी टोपली दिली. दोरी आली तशी त्याने डाव्या कोपराखाली दाबली आणि उजव्या हाताने ओढून घेत राहिला. वेटोळं वाकडंतिकडं झालं. शेजारच्या म्हाताऱ्याने ते सरळ करायला हात पुढे केला, तर दादाने तो झटकला.

वाटे पडले. सर्वेशने आणून त्याच्यापुढे बांगडे ठेवले. दादाने मोजले. मला वाटलं, आता परत करतो. मी तोंड फिरवलं.

"सर्वेशा, ह्यो वाटो माझो? सातच? तुझ्या बापाशीक बसान काम केल्यार मी धा घालीत होतंय."

"काका, आज मासळीच कमी आसा."

"मासळी कमी आसा तर तुझ्या ढिगात बारा कशे? दी हकडे."

पाव तास भांडण चाललं. सर्वेश लाल झाला, दादा त्याहून लाल. शेवटी आणखी एक बांगडा आला, तोही जरा लहान. तो घेऊन दादा रस्ताभर कुरकुरत घरी आला. किशोरीने तळले. तिने मलाही ताटात एक वाढला, बोलली मात्र नाही.

रियाने वहीत लिहिलं आहे. रकान्यात, बसून दोरी गुंडाळणे, वीस मिनिटे. समासात, "वाटो कमी घातल्यान."

सुभद्रा